९४ सह्या आणि एक भोंगा

गर्ल्स हॉस्टेल आणि बॉइज हॉस्टेल मिळून ९४ जणांनी सह्या केलेला अर्ज अजून माझ्या ड्रॉवरमध्येच पडून आहे. गेले पंधरा दिवस मेसमध्ये, लॅबमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात मला एकच प्रश्न विचारला जातोय, "काय गं, पाठवलास का?" मी प्रत्येकीला वेगळं कारण सांगितलं. कुणाला सांगितलं नक्की कोणाला पाठवायचा तेच कळत नाहीये, कुणाला सांगितलं प्रिंटर बंद आहे. दोन्ही थापा होत्या. खरं कारण सांगायला वेळ लागतो आणि ते मेसच्या रांगेत ताट हातात धरून सांगता येत नाही, म्हणून मॅगझिनच्या मराठी विभागाकडे ही पानं मागितली.

आधी कबूल करते की तो अर्ज मीच लिहिला. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढल्याचा हा एक तोटा आहे, हॉस्टेलमधली सगळी इंग्लिश पत्रं आपल्या गळ्यात येतात. गीझर बंद पडला, लिही. भाजीत अळी निघाली, लिही. मराठीतलं काही लिहायचं असलं की मात्र कुणी माझ्याकडे फिरकत नाही. का ते हा लेख वाचताना कळेलच, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

तर झालं असं. जे लोकल आहेत आणि पाच वाजता घरी जातात त्यांना माहीत नसेल, पण हॉस्टेलच्या मागच्या कंपाउंडपासून साधारण दीडशे मीटरवर रेल्वेची दुहेरी लाइन आहे. गाड्यांच्या आवाजाची आपल्याला सवय झालेली असते. फर्स्ट इयरला पहिला आठवडा झोप लागत नाही, नंतर गाडी आली नाही तर जाग येते. पण या सेमिस्टरला, सबमिशन आणि ओरलच्या बरोबर तोंडावर, दोनातल्या एका लाइनचे रूळ बदलायचं काम निघालं. रात्री साडेबाराला सुरू, पहाटे चारला बंद. मोठमोठे फोकस, जनरेटर, मशिनची घरघर, लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे एक भोंगा. दर दहा-पंधरा मिनिटांनी कुणीतरी तो लांबलचक वाजवायचं. बाकीच्या आवाजाची एकसुरी गुंगी तरी येत होती, भोंग्याने मात्र दचकूनच उठायचो.

अर्जात एकूण चार परिच्छेद होते. त्यातला तिसरा परिच्छेद फक्त भोंग्यावर होता आणि त्यातल्या एका वाक्यावर मी फार खूश होते. भोंगा वाजवणं 'नीडलेस अँड इनकन्सिडरेट' आहे असं त्यात लिहिलं होतं, म्हणजे विनाकारण आणि दुसऱ्याचा विचार न करणारं. सही करताना तीन-चार जणींनी तर "एकदम कडक लिहिलंयस" म्हणून टाळी दिली. ते वाक्य लक्षात ठेवा.

अर्जाला पुरावा जोडावा म्हणून दुसऱ्या रात्री मी आणि माझी रूममेट मोबाईल घेऊन टेरेसवर गेलो. (रेक्टर मॅडम, टेरेसची किल्ली कुणी दिली ते विचारू नका.) दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून परत यायचं ठरलं होतं. खाली आलो तेव्हा पावणेचार वाजले होते आणि मोबाईलची बॅटरी संपली होती.

मी मेकॅनिकलची मुलगी. तीन वर्षांत मशिन म्हणजे लेथ, मिलिंग आणि वर्कशॉपमधलं ते कायम दुरुस्तीला असलेलं शेपर, एवढंच. म्हणून असेल, पण मी जे बघितलं त्याने अक्षरशः तोंड उघडं राहिलं. ती एक आख्खी गाडीच आहे. तिचं पुढचं टोक जुन्या रुळांवर चालतं, मागचं टोक नव्या रुळांवर, आणि मधल्या भागात तिच्या पोटाखाली रूळच नसतो. मधेच ती जुने रूळ दोन्ही बाजूंना फाकवते, खालचे जुने स्लीपर एकेक करून उचलते, खडी सारखी करते आणि त्या जागी नवे स्लीपर ठरलेल्या अंतरावर ठेवत जाते. नवे रूळ आधीच दोन्ही कडेला आणून टाकलेले असतात. ते उचलून आत घेतले जातात आणि नव्या स्लीपरवर बरोबर बसतात. बॅगेची चेन पुढून उघडत जावी आणि मागून बंद होत यावी, तसं. वर वॅगनच्या कडांवरून घोड्यासारख्या दोन क्रेन पळत असतात, नवे स्लीपर पुढे आणायला आणि जुने मागे न्यायला. एक काँक्रीटचा स्लीपर अडीचशे किलोच्या वर असतो. मी स्टॉपवॉच लावलं, मशिन चालू असताना आठ-नऊ सेकंदांना एक स्लीपर खाली बसत होता.

या मशिनला टीआरटी म्हणतात, ट्रॅक रिलेइंग ट्रेन. हे नंतर कळलं. भारतातली रूळ बदलायची, खडी चाळायची, खडी दाबायची बरीचशी यंत्रं प्लासर अँड थॉयरर या ऑस्ट्रियन कंपनीच्या घराण्यातली, फरिदाबादला त्यांचा कारखाना आहे. आपल्या अभ्यासक्रमात यातलं अक्षरही नाही. सिव्हिलवाल्यांना रेल्वे इंजिनियरिंग आहे, पण त्यांची इंडस्ट्रियल व्हिजिट मनालीला गेली होती. मनालीत रेल्वे नाही.

त्या रात्री झोपताना माझ्या डोक्यात एक निबंध तयार झाला होता. पूर्वी शंभर माणसं पहारी लावून, "हो-हो" करत रूळ उचलायची, आता मशिन एकटं करतं, माणूस मोकळा झाला, जय हो तंत्रज्ञान. हा निबंध आपण सगळ्यांनी दहावीत लिहिलेला आहे, "विज्ञान: शाप की वरदान". यावेळी फक्त वरदान लिहायचं होतं. आवाजाबद्दलचा अर्ज वेगळा आणि हे कौतुक वेगळं, दोन्ही एकाच वेळी चालणार होतं.

सकाळी सात वाजता मेसच्या मागच्या नळावर रेल्वेची माणसं पाण्याचे कॅन भरायला आली होती. मेसवाले काका आधी नाही म्हणत होते, रेक्टर मॅडमनी सांगितलं भरू द्या. त्यात एक मावशी होत्या. केशरी जाकीट, आतून साडी, पायात बूट. चाळिशीच्या असतील. गँगमध्ये बायकाही असतात हे मला माहीत नव्हतं. गँगमन हा शब्दच तसा आहे. आता अधिकृत नाव ट्रॅक मेंटेनर झालंय, पण त्या स्वतःला गँगवालीच म्हणाल्या.

दिवसा त्यांचं काम तयारीचं होतं. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी एक पीळदार लोखंडी क्लिप असते, तिला ही माणसं पेंड्रोल म्हणतात. रात्री मशिन आल्यावर एकही क्लिप गंजून अडकलेली असून चालत नाही. म्हणून आधीच एकेक क्लिप ठोकून सोडवायची, ग्रीस लावायचं, परत बसवायची. एका स्लीपरला चार क्लिपा. किलोमीटरला १६६० स्लीपर. म्हणजे किलोमीटरमागे ६६४० क्लिपा, आणि एक क्लिप रुळाला साधारण ८५० ते ११०० किलोच्या दाबाने धरून बसलेली असते. ती हाताने, घणाने. मशिन गेल्यावर मागून परत तेच, ठोकून बसवणं. दुसऱ्या रात्री मी मशिनऐवजी माणसं मोजली. फोकसच्या उजेडात जेवढी दिसली तेवढी बासष्ट भरली. "मशिन एकटं करतं" हा निबंध तिथेच बारगळला. मशिनने माणसाच्या खांद्यावरून स्लीपर उतरवला हे खरं आणि ते फार मोठं आहे, पण माणूस लाइनीवरून हललेला नाही.

मला वाटलं मावशींना विचारावं, एवढं घट्ट कशाला? मग आठवलं की हे मला यायला पाहिजे, सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आलंय. आता रूळ तेरा-तेरा मीटरवर जोडलेले नसतात, लांबच्या लांब वेल्ड केलेले असतात, त्यामुळे सांध्यांची खडखड जवळजवळ गेली. पण तापलेला रूळ पसरायला बघतो आणि त्याला पसरायला जागा नाही. ६० किलोच्या रुळाचा छेद ७६.८६ चौरस सेंटिमीटर. तापमान ३० अंशांनी वाढलं तर एका रुळात सत्तावन्न टनांच्या आसपास दाब येतो. हे मी कॅल्क्युलेटरवर काढलं, दोनदा, कारण विश्वास बसला नाही. हा दाब धरून ठेवतात त्या क्लिपा, ते स्लीपर आणि आजूबाजूची खडी. यातलं काही ढिलं असलं तर रूळ सापासारखा वाकतो. मावशींना यंग्ज मॉड्युलस माहीत नाही, पण त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "उन्हात लाइन उघडायची न्हाई, ती उठती." मला या उत्तरावर आपल्या सरांनी दहापैकी दोन दिले असते.

मग मावशींनीच विचारलं, "आमच्या आवाजात अब्यास होतो का गं पोरींनो?"

मला लाज वाटायला हवी होती, पण मला वाटलं बरी संधी आहे. म्हटलं, "मशिनचा आवाज चालेल हो मावशी, पण तो भोंगा कशाला सारखा वाजवतात?"

त्यांनी कॅनचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "त्यो आमच्यासाठी हाय."

मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. ब्लॉक एका लाइनीचा असतो. ज्या लाइनवर काम चाललंय ती बंद. पण शेजारची लाइन चालूच असते, तिच्यावरून गाड्या जातच असतात. दोन लाइनींमध्ये अंतर चार-पाच मीटर. खाली वाकून काम करणारा माणूस, डोळ्यांवर फोकस, कानात मशिनची घरघर, हातात दहा किलोची वस्तू. दोन पावलं मागे सरकला की तो दुसऱ्या लाइनीच्या गाडीच्या वाटेत. म्हणून लांब एक माणूस उभा करतात, त्याचं काम एकच, शेजारच्या लाइनवर गाडी दिसली की भोंगा वाजवायचा. भोंगा ऐकला की सगळ्यांनी हातातलं टाकून एका बाजूला व्हायचं. आपण रात्री ज्या ज्या वेळी दचकून उठलो आणि शिव्या घातल्या, त्या त्या वेळी तिथे बासष्ट माणसं बाजूला झाली होती.

ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. आपल्या हॉस्टेलपासून कॉलेजच्या मेन गेटपर्यंत अंदाजे अर्धा किलोमीटर आहे. तेवढं अंतर त्या गाडीला १८ सेकंद लागतात. सकाळच्या लेक्चरला उशीर झाला की आपल्याला अठरा सेकंदांत चपलेचा दुसरा पाय सापडत नाही.

मावशी पुढे म्हणाल्या, "पूर्वी डिझेलचं इंजिन लांबनं ऐकू यायचं. आता विजेची गाडी गुपचूप येती. रूळबी आता वाजत न्हाईत." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांच्याबरोबरची दुसरी बाई हळूच म्हणाली, "हिचे मालक तसेच गेले ना. त्यांच्या जागेवर लागलीय ही." मावशींनी दोन कॅन उचलले, एक कंबरेवर आणि एक हातात, आणि गेल्या. मला "सॉरी" सुद्धा म्हणता आलं नाही.

मी त्या दिवशी दोन्ही लेक्चरना बसले पण डोक्यात मावशींचं तेच वाक्य. सगळ्या सुधारणा चांगल्याच आहेत. वीज आली, धूर गेला. वेल्डिंग झालं, खडखड गेली, गाडीचा वेग वाढला, आपल्याला झोप लागायला लागली. मशिन आलं, पाठीवरचा भार गेला. पण यातल्या प्रत्येक सुधारणेने त्या माणसांकडून एकेक आवाज काढून घेतला, जो आवाज त्यांना गाडी येतेय हे सांगत होता. आणि मशिनने तर वर स्वतःचा आवाज आणला, ज्यात दुसरं काहीच ऐकू येत नाही. सगळं वजा जाता त्यांच्याकडे उरला तो भोंगा. आणि मी तो बंद करा म्हणून अर्ज लिहिला, ९४ सह्यांनिशी, चांगल्या इंग्लिशमध्ये.

हे फक्त एका मावशींच्या घरातलं नाही. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे सुरक्षेवर एक समिती नेमली होती, तिचा अहवाल २०१२ साली आला. काकोडकर म्हणजे अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष. त्या अहवालात म्हटलंय की २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत रेल्वेचे सुमारे १६०० कर्मचारी कामावर असताना मेले. त्याच काळात रेल्वे अपघातांत मेलेल्यांची संख्या त्याहून कमी, हजाराच्या आसपास होती. अपघात झाला की आपल्याला टीव्हीवर तीन दिवस दिसतो. हे १६०० एकेकटे गेले, म्हणून बातमी झाली नाही.

आता तुमचे प्रश्न. मला ते माहीत आहेत, कारण माझ्याच खोलीत दोन रात्री यावरून भांडण झालंय.

पहिला प्रश्न, हे काम दिवसा का नाही करत? करतातही, जिथे जमतं तिथे. पण दिवसा ब्लॉक घेतला की गाड्या लेट होतात, आणि त्या गाड्यांत बसलेले आपणच असतो. दिवाळीच्या सुट्टीला घरी जाताना गाडी दीड तास आउटरला उभी होती तेव्हा "काय फालतू रेल्वे आहे" म्हणणारी मीच होते. मुंबईत दर रविवारी मेगाब्लॉक असतो, माझी आत्या डोंबिवलीला राहते, ती दर रविवारी त्याच्या नावाने बोटं मोडते. दिवसा नको, रात्री नको, रविवारी नको. मग कधी? लाइन पाहिजे, पण तिची दुरुस्ती आपल्यासमोर नको, असं आपलं आहे. स्वयंपाक हवा पण फोडणीचा ठसका नको, तसं.

आणि ब्लॉक न घेता काम केलं की काय होतं तेही घडलेलं आहे. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीजवळ कलिंग उत्कल एक्सप्रेस घसरली. रुळाचं काम चालू होतं आणि गाडी पूर्ण वेगाने त्यावर आली. गाडीला ना थांबवलं होतं, ना हळू जायला सांगितलं होतं. वीसहून जास्त माणसं गेली, डबा शेजारच्या घरात घुसला. आपल्या मागच्या लाइनवर रात्री साडेतीन तास जो गोंगाट असतो तो ब्लॉक रीतसर घेतल्याचा गोंगाट आहे. मला तरी तो आता तसाच ऐकू येतो. ओरलला मला काही आलं नाही त्याचं कारण वेगळं होतं.

दुसरा प्रश्न, भोंग्याऐवजी दुसरं काही करता येणार नाही का? हा प्रश्न खरा आहे आणि तो इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने विचारला म्हणून मला विशेष आनंद झाला. रेल्वेने 'रक्षक' नावाचं वायरलेस उपकरण काढलंय, माणसाजवळ ठेवायचं, गाडी येत असली की ते इशारा देतं. सगळ्या गँगच्या सगळ्या माणसांकडे ते नाही, निदान आपल्या मागे काम करणाऱ्या मावशींनी ते पाहिलेलं नव्हतं. मग मला सांगा, आपल्या कॉलेजच्या प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये दरवर्षी किती लाइन फॉलोअर रोबो असतात? गेल्या वर्षी मी सात मोजले. काळ्या पट्टीवरून जाणारे सात रोबो. आणि खरी लाइन दीडशे मीटरवर, तिच्यावर काम करणाऱ्या माणसाला ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताला, मशिनच्या कंपनात, फोकसच्या उजेडात कळेल असा इशारा कसा द्यायचा हा प्रश्न तसाच पडून. खिशातलं व्हायब्रेशन कळणार नाही, कारण घण मारताना आख्खं अंगच व्हायब्रेट होतं. कानातलं यंत्र चालणार नाही, कारण मुकादमाची हाक ऐकू यायला हवी. म्हणजे सोपं नाहीये. मी पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी हेच घेणार आहे, ज्यांना ग्रुपमध्ये यायचंय त्यांनी सांगा. इलेक्ट्रॉनिक्सचं कुणीतरी लागेल, माझं सोल्डरिंग भयंकर आहे.

तिसरा प्रश्न रूममेटचा. ती म्हणाली, "सगळं पटलं, पण आपल्याला आधी सांगायला काय झालं होतं?" याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ती बरोबर आहे. काम कधी सुरू होणार आणि किती रात्री चालणार हे हॉस्टेलला कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तर मॅडमनी लायब्ररी रात्रभर उघडी ठेवली असती, ती पुढच्या बाजूला आहे आणि तिथे आवाज येत नाही. त्यांनी चौथ्या रात्रीपासून तसं केलंच, पण तोपर्यंत तीन ओरल होऊन गेल्या होत्या. झोप न झाल्याने ज्यांचं खरोखर नुकसान झालं त्यांना "देशासाठी सहन करा" असं मी म्हणणार नाही. मला ते असं कुणी म्हटलेलं आवडत नाही.

पाचव्या रात्री टेरेसवर आम्ही अकरा जणी होतो आणि खुद्द रेक्टर मॅडम. त्यामुळे किल्लीचा विषय आपोआप मिटला. (लाइनजवळ कुणी जाऊ नका, रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना जाणं हा कलम १४७ खाली गुन्हा आहे. एक सिव्हिलचा ग्रुप रील करायला गेला होता, मुकादमाने पहार घेऊन पळवलं ते बरं केलं.) त्या रात्री वेल्डिंग होतं. दोन रुळांच्या मधल्या फटीभोवती साचा बांधतात, वर एक भांडं ठेवतात, त्यात लोहाचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पावडर. पेटवलं की असा पांढरा उजेड पडतो की दीडशे मीटरवरून बघवत नाही. वितळलेलं लोखंड खाली साच्यात उतरतं आणि दोन रुळांचा एक रूळ होतो. हीच ती थर्मिट रिअ‍ॅक्शन, शाळेत बॅलन्स करून दोन मार्क मिळवलेली. समीकरण मला अजून पाठ आहे, पण ते असं दिसतं हे वीस वर्षांची झाले तेव्हा कळलं. मधेच भोंगा वाजला. आम्ही सगळ्या जणी आपोआप शेजारच्या लाइनीकडे बघायला लागलो. तीन-चार सेकंदांनी लांबून गाडीचा दिवा दिसला. खाली सगळी केशरी जाकिटं एका बाजूला झाली, गाडी गेली, परत वाकली. कुणी काही बोललं नाही. सही करताना मला टाळी देणारी एक जण माझ्या शेजारीच उभी होती.

आता काम पुढच्या स्टेशनकडे सरकलंय. नव्या रुळांवरून सुरुवातीला गाड्या ताशी २० ने जात होत्या. मग खडी दाबणारं मशिन दोन-तीनदा येऊन गेलं आणि तसतसा वेग वाढवत नेला. मावशी त्यानंतर नळावर दिसल्या नाहीत.

तर अर्जाचं काय करायचं ते सांगते. पहिला, दुसरा आणि तिसरा परिच्छेद मी खोडलाय. चौथ्या परिच्छेदात मागणी होती, तिथे आता दोनच वाक्यं आहेत. एक, यापुढे रात्रीचं काम असेल तर तारखा आठ दिवस आधी हॉस्टेलला कळवाव्यात. दोन, काम करणाऱ्या सर्वांना गाडीचा इशारा देणारं उपकरण मिळावं. पण सह्या आधीच्या मजकुरावर केलेल्या आहेत, त्याखाली नवा मजकूर चिकटवणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून नवा कागद मेसच्या नोटीस बोर्डवर लावलाय, यावेळी मराठीत, चुका दिसल्या तर पेन्सिलने दुरुस्त करा. ज्यांना पटेल त्यांनी नव्याने सही करावी. आणि ज्यांना अजूनही जुनाच अर्ज जावासा वाटतो त्यांनी तो माझ्याकडून घेऊन जावा, फक्त तिसऱ्या परिच्छेदातलं ते भोंग्याचं वाक्य माझं म्हणून पाठवू नये. दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

— टीई मेकॅनिकल, गर्ल्स हॉस्टेल